शिवारातले साप

कल्याणप्पा सर बोरकोट्याच्या हायस्कुलात ग्रंथपाल म्हणून लागले, तेव्हा ग्रंथालयाच्या खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली होती. पुढं सरांचे केस पिकले, चष्मा लागला, लेक लग्न होऊन अफजलपूरकडं गेली, पण पोती काही तिथून हलली नाहीत. पुस्तकांची कपाटं त्या पोत्यांच्या मागं. एखादं पुस्तक काढायचं म्हटलं तर आधी हमालासारखी पोती ओढायची. तशी वेळही क्वचितच यायची. वेळापत्रकात वाचनाचा तास होता, पण त्या तासाला गणिताचे सर गणितच शिकवायचे. सरांना मात्र कामाचा तोटा नव्हता. शिष्यवृत्तीचे अर्ज भरा, पोरांची आधारकार्डं जुळवा, कुणी मास्तर रजेवर असला की त्याच्या वर्गावर जाऊन बसा. पुस्तकांचा विषय काढला की मुख्याध्यापक हसून म्हणायचे, "पुस्तकं काय पळून जायलीत व्हय सर?"

मग एका साली स्वयंपाकाची नवी खोली बांधली गेली आणि तांदूळ तिकडं गेला. सरांनी स्वतः बादलीभर पाणी आणून खोली धुतली. कपाटांची कुलुपं गंजली होती, त्यात तेल सोडलं. वाळवीनं खाल्लेली पुस्तकं वेगळी काढली, धड राहिलेली उन्हात पसरली, फडक्यानं पुसून विषयवार लावली. दोन बाकं मांडली. दारावर खडूनं लिहिलं, 'या, बसा, वाचा.' आणि निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेला हा माणूस नव्यानं नोकरीला लागल्यासारखा रोज मधल्या सुट्टीत दार उघडून बसू लागला.

पोरं आली, नाही असं नाही. चित्रं बघून गेली. पावसात भिजू नये म्हणून आली. पण पुस्तकासाठी पुस्तकाकडं आलं असं पहिलं माणूस म्हणजे नववीतली शिवकन्या.

त्याला निमित्त झालं एका सापाचं. श्रावणात शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं साप निघाला. शिपायानं आणि दहावीच्या पोरांनी काठ्यांनी ठेचून त्याचा चेंदा केला, काठीवर घेऊन मिरवला आणि ओढ्यात फेकला. दुपारी शिवकन्या ग्रंथालयाच्या दारात उभी राहिली. अंगानं किरकोळ, दोन वेण्या वर बांधलेल्या, बोलायच्या आधी खालचा ओठ दातात धरायची सवय.

"सर, मघाचा साप विषारी होता का?"

"मला कुठं ठाऊक?" सर म्हणाले. "पण ज्यांना ठाऊक हाय त्यांनी लिहून ठेवलंय. बघू या."

सापांवरचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी काढलं. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, त्यातून आपल्याला हवं ते पान कसं शोधायचं, हे तिला दाखवलं. पोरीला हे नवीनच होतं. तिनं पान काढलं, रंग बघितला, डोक्याचा आकार बघितला, बराच वेळ चित्रावर वाकून राहिली.

"धामण होती सर. बिनविषारी. उंदरं खाती म्हणून लिवलंय." आणि जरा थांबून, "मग मारली कशाला?"

"कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून."

तिनं पुस्तक मिटून जागेवर ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी परत आली, आणि मग येतच राहिली.

शिवकन्याचं घर गावाबाहेर मळ्यात, माकणीच्या धरणाच्या कालव्याला लागून. आजोबा आण्णासाहेब हे गावातलं वजनदार माणूस. भांडणतंटा असो की सोयरीक, त्यांच्या शब्दाशिवाय पुढं जायची नाही. वडील युवराज शेती बघायचे. आई भुवनेश्वरी, आणि सगळ्यांचा जीव की प्राण असलेला धाकटा कृष्णा, नुकताच पहिलीत गेलेला. कालव्याच्या ओलाव्यानं त्यांच्या शिवारात सापांचा राबता फार. दरसाल कुणाला ना कुणाला चावायचाच.

"ह्याच्यावरच कर की प्रकल्प," सर एकदा सहज बोलून गेले. "पुस्तकातले साप पुस्तकात ऱ्हाऊ देत. आपल्या शिवारात कोणते हायत, कुठं दिसत्यात, कुणाला चावले, पुढं काय झालं, ते हुडक."

पोरीनं ते असं मनावर घेतलं की सरच चकित झाले. सुट्टीच्या दिवशी ती बांधाबांधानं हिंडली. खुरपणाऱ्या बाया, ऊसतोडीवाले, कालव्याचा पाटकरी, सगळ्यांना विचारून आली. सोमवारी ऐकलेलं घेऊन ग्रंथालयात यायची आणि पुस्तकाशी ताडून बघायची. दोन पुस्तकांत दोन गोष्टी निघाल्या की गोंधळायची. सर म्हणायचे, "एका पुस्तकावर भार टाकायचा न्हाय. तिसरं काढ. कोण लिवलंय, कवा लिवलंय, ते आधी बघ." तिच्या नादानं आणखी पाचसहा पोरं बाकावर दिसू लागली. मधल्या सुट्टीत खोलीत पानं उलटल्याचा आवाज यायचा. सर खुर्चीत बसून तो नुसता ऐकत राहायचे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तो आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

गावात साप चावला की माणसाला न्यायचे ते महादेवाच्या देवळात, बंडप्पाकडं. शिवकन्याला त्यांनाही विचारायचं होतं, पण एकटीला जायचा धीर होईना, म्हणून सर बरोबर गेले. बंडप्पा म्हणजे हाडं वर आलेला, मऊ बोलण्याचा म्हातारा. कुणाकडून नारळाशिवाय काही घ्यायचा नाही. सरांना बघून कानडीत "बर्री, कूड्री," म्हणजे या, बसा, म्हणाला आणि घोंगडी अंथरली.

"आज्जा, तुमी विष उतरवताव म्हंजी काय करताव?" पोरीनं सरळच विचारलं.

बंडप्पा हसला. "मी काय करतो माय? देवाचं नाव घेतो, लिंबाचा पाला फिरवतो. वाचणारे वाचत्यात, जाणारे जात्यात. कोणता साप हुता ते मला कुठं दिसतंय?"

परतताना शिवकन्या म्हणाली, "सर, बिनविषारी चावलेले सगळे तिथं वाचत असतील, न्हाय का?"

"तूच बघ ताडून."

तिनं ताडलं. तिचं म्हणणं खरं होतं.

हिवाळ्यात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात 'आपल्या शिवारातले साप' हा तिचा प्रकल्प मांडला गेला. परीक्षक आले तेव्हा पोरीनं ओठ दातात धरला, सोडला आणि घडाघडा बोलली. नाग चावला तर काय होतं, घोणस चावली तर काय, आणि मण्यार सगळ्यात फसवी. "मण्यार झोपेत चावती. सूज येत न्हाय, दुखत न्हाय, दातबी उमटलेला दिसत न्हाय. सकाळी माणूस म्हणतंय पोटात दुखायलंय. पापण्या जड होत्यात, बोलणं जड होतंय, गिळता येत न्हाय. अशा वक्ती तोंडानं काय द्यायचं न्हाय, पाणीबी न्हाय, ते श्वासात जातंय. लगोलग दवाखाना गाठायचा." गर्दीत मागं आण्णासाहेब धुवट धोतर-टोपीत उभे होते. नातीला पहिला नंबर मिळाल्यावर त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"सर, आमच्या घराण्यात कुणी पुस्तकाला हात लावला न्हवता. तुमी पोरीला डोळे दिले."

त्या रात्री घरी एकट्यानं जेवताना सरांना वाटलं, आता निवृत्त झालो तरी हरकत नाही.

पुढचा पावसाळा आला. शिवकन्या दहावीत गेली. तिच्या सांगण्यावरून आण्णासाहेबांनी घरातल्या सगळ्यांसाठी बाजा आणि मच्छरदाण्या करून घेतल्या होत्या. भुईवर कुणी झोपायचं नाही, असा मळ्यात नियमच झाला होता. पण आषाढात घरी पाहुणे आले. पाहुण्यांना बाजा दिल्या, आणि कृष्णा आईच्या कुशीत सतरंजीवर झोपला.

पहाटे सर अंघोळीला पाणी काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. आण्णासाहेबांचा नंबर, आवाज शिवकन्याचा.

"सर, कृष्णा... पोट दुखायलंय म्हणतोय. उलटी झाली. सगळे म्हणत्यात काल जिलेबी लई खाल्ली. पर सर, त्याचे डोळे. पापण्या वर होईनात. मण्यार हाय सर. मला ठाव हाय, मण्यारच हाय."

सर ओल्या अंगावर सदरा चढवून मोटारसायकलवर निघाले.

मळ्यात पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पोरगं आईच्या मांडीवर. सरांनी वाकून बघितलं. पुस्तकात जसं होतं तसंच. अर्ध्या मिटलेल्या पापण्या, ओघळणारी लाळ, आणि त्या डोळ्यांतून सगळीकडं बघायचा प्रयत्न.

भुवनेश्वरी सासऱ्यांच्या पायाशी आली. "मामंजी, देवळात न्या हो. बंडप्पा आज्जा हायत. जवळ हाय. पाया पडते तुमच्या."

"आई, न्हाय!" शिवकन्या ओरडली. "तिथं येळ जाईल. दवाखान्यात औषध हाय, तेवढंच औषध हाय ह्याला."

युवराज एकदा बायकोकडं, एकदा लेकीकडं बघत होता. आण्णासाहेबांनी सरांना विचारलं, "सर?"

"पोरगी म्हणती ते खरं हाय," सर म्हणाले.

म्हाताऱ्यानं क्षणभर डोळे मिटले. "जीप काढा. पोरगी म्हणती तसंच हुईल."

जीपमध्ये मागं भुवनेश्वरी कृष्णाला घेऊन बसली, शेजारी शिवकन्या, समोर सर. युवराज पुढं. रस्ता चिखलाचा, गाडी गचके खात चाललेली. कृष्णाचं बोलणं जड झालं होतं, तरी कळत होतं.

"ताई, पाणी."

भुवनेश्वरीनं बाटली उघडली. शिवकन्यानं बाटलीवर हात ठेवला.

"आई, देऊ नगो. गिळता येत न्हाय त्याला. श्वासात जाईल."

"घोटभर गं. नुसता घोटभर."

"देऊ नगो."

पोरगं पुन्हा म्हणालं. मग परत. आईनं सरांकडं बघितलं. ती नजर सरांना पुढं कधी विसरता आली नाही. सरांनी मान हलवली. नाही. भुवनेश्वरीनं बाटली बंद केली आणि पदराचं टोक ओलं करून लेकाच्या ओठांवरून फिरवलं.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं पापण्या उचलून बघितल्या आणि विचारलं, "मण्यार असणार. कुणी ओळखलं?" सरांनी शिवकन्याकडं बोट केलं. "बरं केलंत लगेच आणलंत," डॉक्टर म्हणाला आणि कामाला लागला. होतं तेवढं औषध त्यानं सलाइनमधून सोडलं. पण काही वेळानं बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"औषध लागू व्हायला वेळ लागेल. तोवर श्वास थांबला तर श्वास देणारं यंत्र लागतं. ते इथं नाही. सोलापूरला न्यावं लागेल."

"मग न्या की," युवराज म्हणाला. "अँबुलन्स कुठंय?"

अँबुलन्स एका अडलेल्या बाईला घेऊन धाराशिवला गेली होती. डॉक्टर फोनवर फोन करत राहिला. दुसरी गाडी येईल म्हणाले, पण कधी ते कुणी सांगेना. कृष्णाचा श्वास उथळ व्हायला लागला तेव्हा युवराजनं त्याला उचललं. "आमी जातो आमच्याच गाडीत." डॉक्टरनं हवा दाबायचा रबरी फुगा सरांच्या हातात दिला, कसा दाबायचा ते दाखवलं. आपण येऊ शकत नाही, आत आणखी रोगी आहेत, हे त्यानं दोनदा सांगितलं. पोरगाच होता तोही.

सरांनी फुगा दाबला. त्यांना जमेल तसा दाबला. गाडी खड्ड्यात गेली की फुग्याचा मुखवटा पोराच्या तोंडावरून सरकायचा, पुन्हा बसवायचे. शिवकन्या मोठ्यानं मोजत होती, सरांना लय सापडावी म्हणून. जळकोट मागं पडलं, हमरस्ता लागला, गाडी पळू लागली. कुठल्याशा पुलावर मोजता मोजता शिवकन्या थांबली. सर दाबतच राहिले. मग भुवनेश्वरीनं त्यांचा हात धरला आणि बाजूला केला.

मयतीला सगळा गाव लोटला. कुणी काही बोललं नाही. बोलणं दहाव्यानंतर सुरू झालं.

देऊळ हाकेवर होतं आणि पोराला गावोगाव फिरवलं. पोरगी पुस्तकं वाचून आईबापाच्या वरचढ झाली. मरत्या जीवाला पाणी पाजू दिलं न्हाय, असं कुठं असतंय का? त्यातच शेजारच्या वाडीतल्या एका गड्याला साप चावला, त्याला बंडप्पाकडं नेलं आणि तो दुसऱ्या दिवशी बैलं घेऊन शेतात गेला. झालं, गावाला जे पाहिजे होतं ते मिळालं. सर चावडीवर सांगायला गेले की त्या गड्याला चावलेला साप बिनविषारी असणार. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकजण म्हणाला, "सर, तुमचं सगळं पुस्तकात असतंय. आमची माणसं बाहेर असत्यात."

एके दिवशी युवराज शाळेत आला. घरात राहिलेली ग्रंथालयाची पुस्तकं पिशवीत घेऊन. ती त्यानं टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला.

"बसा की," सर म्हणाले.

"न्हाय. एक इचारू का सर? पुस्तकात लिवलेलं खरं असतंय का?"

"त्यात लिवलेलं खरं हुतं, युवराज."

"मग?"

सरांनी औषधाचं, यंत्राचं, अँबुलन्सचं सांगायला तोंड उघडलं. पण युवराजला ते सगळं ठाऊक होतं. तो तिथंच होता. तो वाट बघत उभा राहिला, रागानं नव्हे, खरोखरच उत्तर मिळेल म्हणून. मग चपला घालून निघून गेला.

बाकं रिकामी पडली. आईबापांनी पोरांना बजावलं होतं. तरी येणारं एखादं यायचं, उभ्याउभ्या चाळून जायचं. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून सांगितलं, "काही दिवस ते सापाबिपाचं पुस्तक आत ठेवा. लोकांची मनं दुखावलीत." सरांनी वाद घातला नाही. त्यांनी दवाखान्यात श्वासाचं यंत्र मिळावं म्हणून अर्ज मात्र केला, जिल्ह्याला खेटे घातले, साहेबांच्या दारात बाकावर बसून राहिले. मागणी वर पाठवली आहे, असं त्यांना प्रत्येक वेळी सांगण्यात आलं.

शिवकन्या शाळेत यायला लागली होती, पण ग्रंथालयावरून जाताना मान खाली घालायची. शेवटी एकदा सरांनीच तिला व्हरांड्यात गाठलं.

"तुझं काय चुकलं न्हाय, पोरी. डॉक्टरबी म्हणाला न्हवता का?"

"व्हय सर."

"मग असं का करतीस?"

तिनं ओठ दातात धरला. बराच वेळ सोडला नाही. "आई जेवताना पाण्याचा तांब्या माझ्या म्होरं ठिवती सर. रोज. काय बोलत न्हाय. नुसता ठिवती."



सोयाबीनची काढणी सुरू झाली. शाळा भरून थोडाच वेळ झाला होता. फाटकापाशी गलका झाला म्हणून सर बाहेर आले. एक टेम्पो उभा होता. मागं हौद्यात म्हातारी धुरपताबाई, शिवकन्याच्या मळ्याशेजारची. तिचा नातू दहावीत होता, त्याला घ्यायला टेम्पो थांबला होता. म्हातारीचा हात कोपरापर्यंत सुजलेला, काळानिळा.

"नागच हुता, फडा काढलेला बगितला," कुणीतरी म्हणालं.

"दवाखान्यात न्या!" सर धावत गेले. "तिथं औषध हाय. नागाला चालतंय ते. देवळात थांबू नका."

"सर, तुमी बाजूला व्हा. एक झालं तेवढं पुरं झालं," टेम्पोतला एकजण म्हणाला.

टेम्पोत आण्णासाहेबही होते. सरांनी त्यांच्याकडं बघितलं. कृष्णा गेल्यापासून म्हातारा वाकला होता, कुठल्या बैठकीत बोलायचा नाही. आताही बोलला नाही. पण धुरपताबाईचा लेक घाबरलेला होता, त्याला काय करावं सुचत नव्हतं. त्याची नजर पोरांच्या घोळक्यात गेली.

"शिवकन्या! तू तर ह्याचा अभ्यास केलीस पोरी. तू सांग. कुठं नेऊ?"

सगळे वळले. टेम्पोतले, शाळेतले, मास्तर, शिपाई. आण्णासाहेबांनीही मान वर केली आणि नातीकडं बघितलं. सरांना वाटलं, आता ती बोलेल. त्यांनी मनातल्या मनात तिला हात जोडले. धुरपताबाई बोलू शकत नव्हती, पण तिचे डोळे उघडे होते आणि तेही पोरीवरच होते.

शिवकन्यानं त्या सुजलेल्या हाताकडं बघितलं. तिला सगळं दिसत होतं. कोणता साप, किती वेळ झाला, किती उरला.

"मला ठाव न्हाय," ती म्हणाली.

टेम्पो देवळाकडं वळला. सर मोटारसायकलवर मागं गेले. देवळात त्यांनी बंडप्पाला कानडीत विनवलं, "तुम्हीच सांगा यांना, आज्जा. तुमचं ऐकतील." बंडप्पानं लोकांना सांगितलंही, "हे माझ्या हातातलं न्हाय, न्या हिला." पण लोकांना वाटलं म्हातारा नम्रपणानं बोलतोय. तो नेहमी असंच बोलायचा. लिंबाचा पाला आला, घंटा वाजू लागली. दुपार कलायच्या आत धुरपताबाई गेली.

गावात कुणी बंडप्पाला नाव ठेवलं नाही. कुणी देवाला ठेवलं नाही. वय झालं होतं, म्हणाले. येळ आली होती, म्हणाले. आयुष्याचा दोराच तेवढा होता. पोर गेलं तेव्हा हा दोरा कुणाला आठवला नव्हता, हे सरांना चावडीवर जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं. पण ते गेले नाहीत. कुणासाठी जायचं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दारात सावली पडली. शिवकन्या आत आली. बाकावर बसली. कितीतरी महिन्यांनी.

"म्या बोलले असते तर नेलं असतं त्यांनी," ती म्हणाली. "आमचे आज्जा माझ्याकडं बघत हुते. माझं ऐकलं असतं."

सरांनी काही म्हणायच्या आधीच ती पुढं म्हणाली, "बोलून कृष्णा गेला. न बोलून धुरपता आज्जी गेली. आता मी काय करू सर?"

सरांच्या जिभेवर पुष्कळ आलं. तू लहान आहेस. हे ओझं तुझं नाही. ज्यांनी यंत्र द्यायचं त्यांचं आहे, रस्ता करायचा त्यांचं आहे. सगळं खरं होतं, आणि खऱ्याचा उपयोग काय झाला हे समोर बसलं होतं. त्यांनी आयुष्यभर पोरांना सांगितलं होतं, अडलं की पुस्तक काढ, एकात नसलं तर दुसऱ्यात असेल. आज त्यांनी कपाटांकडं बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून ते तिच्याशेजारी बसले. ती रडत नव्हती. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. बाहेर पोरं कबड्डी खेळत होती.

घंटा झाली. ती उठली आणि वर्गाकडं गेली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा तिचं नाव हजेरीतून कमी झालेलं होतं. आण्णासाहेब येऊन दाखला घेऊन गेले म्हणे. सोनारीला मावशीकडं ठेवलीय, तिथं घरकामाला मदत होईल, परीक्षेचं पुढं बघू, असं शिपायानं सांगितलं. सर ऐकत होते. मग ते ग्रंथालयात गेले, दार उघडलं आणि खुर्चीत बसून राहिले. त्या दिवशी कुणी आलं नाही.